डिकीतला पाना

नवीन गाडीची डिलिव्हरी घ्यायला शोरूमला गेलं की आपण काय बघतो? रंग हवा तोच आहे ना, टाकीवर ओरखडा नाही ना, नंबर कधी मिळणार, हार-नारळ आणलाय ना. टूलकिट बघतो का कोणी? बहुतेकांना ते नेमकं कुठे असतं हेही सांगता येणार नाही. (आजकाल बऱ्याच गाड्यांत एक स्क्रू ड्रायव्हर आणि दोन पाने एवढाच ऐवज असतो, तेव्हा न बघितलेलंच बरं.) पण ज्याने पंधरा-वीस वर्षं बजाजची स्कूटर चालवलीये अशा कुणालाही विचारा, डिकीत काय असायचं? प्लग पाना, जास्तीचा एक प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा, क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची वायर, पक्कड, फडकं आणि दात घासून निवृत्त झालेला एक टूथब्रश. यादी तोंडपाठ असते.

पुण्यातल्या दुचाकीचा इतिहास बहुतेक वेळा कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. बजाज, फिरोदिया, आकुर्डी, चाकण. तो आहेच. पण मला तो दुसऱ्या बाजूने बघावासा वाटतो. गाडी बंद पडली तर ती उघडायचं कोण? मालक, कोपऱ्यावरचा मेकॅनिक, की कंपनी? गेल्या साठेक वर्षांत ह्या प्रश्नाचं उत्तर हळूहळू सरकत गेलंय, आणि सध्या ते जिथे येऊन थांबलंय ती जागा मला फारशी आवडलेली नाही. का, ते पुढे येईलच.

गोष्ट सुरू होते इटलीत. पियाजिओ ही विमानं बनवणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धात तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला आणि युद्धानंतर लोकांना परवडेल अशी दुचाकी बनवायचं काम आलं कोराडिनो दास्कानियो या इंजिनियरकडे. हा माणूस विमानं-हेलिकॉप्टरवाला, आणि गंमत म्हणजे त्याला मोटरसायकल अजिबात आवडायची नाही. साखळीच्या तेलाने कपडे घाण होतात आणि पंक्चर झालं की चाक काढता काढता नाकी नऊ येतात, ही त्याची तक्रार. मग १९४६ च्या वेस्पात त्याने साखळीच काढून टाकली, इंजिन थेट मागच्या चाकापाशी नेलं आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. नट काढले की चाक हातात. पुढे स्टेपनीही आली. (हा 'स्टेपनी' शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय, बरं का. तिथल्या एका धंद्याने १९०४ च्या सुमारास मोटारींसाठी जास्तीचं चाक विकायला सुरुवात केली. इंग्रज तो शब्द केव्हाच विसरले, आपण मात्र जपून ठेवलाय.) सांगायचा मुद्दा असा की रस्त्यात अडकलेल्या साध्या माणसाला स्वतःच्या हाताने सुटका करून घेता यावी, हा विचार स्कूटरच्या जन्मातच आहे.

बजाजने ही वेस्पा १९४८ पासून आयात करायला सुरुवात केली, १९५९ मध्ये इथेच बनवायचा परवाना मिळवला आणि साठच्या दशकात आकुर्डीत कारखाना उभा राहिला. पियाजिओबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये त्याच घडणीची 'चेतक' आली, महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. पण चेतक 'आली' म्हणजे दुकानात जाऊन घेता आली असं नव्हे. किती बनवायच्या ते सरकार ठरवणार आणि कशा वाटायच्या तेही सरकार ठरवणार. १९६० पासून स्कूटरच्या विक्री-वाटपावर चक्क नियंत्रण आदेश होता. नंबर लावायचा आणि वाट बघायची, दहा-दहा वर्षं. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर मात्र लवकर मिळायची. मुलगी झाली की स्कूटर बुक करा, लग्नापर्यंत मिळेल, असले विनोद तेव्हा चालायचे, आणि त्यातला हुंड्याचा भाग विनोद नव्हता.

ह्या रांगेचा एक परिणाम असा झाला की वापरलेली स्कूटर नवीनपेक्षा महाग विकली जायची. आजच्या हिशोबात हे डोक्यात शिरत नाही. शोरूमच्या बाहेर पडल्या पडल्या गाडीची किंमत कमी होते हे आपलं गणित, आणि इथे उलटंच. मग अशी वस्तू माणूस जपणार नाही तर काय करणार? रविवारी सकाळी वाड्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटर पुसणं, प्लग काढून घासणं, कॉन्टॅक्ट पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवणं हा कार्यक्रम त्यातून आला. त्याला आपण आज प्रेम वगैरे म्हणतो. प्रेम असेलही, पण दुसरी गाडी दहा वर्षं मिळणार नाही ही धास्ती त्यात जास्त होती असं माझं मत.

आणि करावंही लागायचंच. ह्या गाड्या टू-स्ट्रोक. दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचून पोट भरणाऱ्या माणसाला टू-स्ट्रोक इंजिनाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही, कारण त्यात हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट. फोर-स्ट्रोकमध्ये असतात तसे वाल्व नाहीत, ते उघडझाप करणारा कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीला भोकं आहेत आणि पिस्टनच वरखाली होताना ती उघडतो, झाकतो. संपलं. एवढ्या कमी ओळींत एवढं काम करणारा प्रोग्राम क्वचितच बघायला मिळतो. पण साधेपणाची किंमत असते. ह्या इंजिनात ऑइलसाठी वेगळी जागा नाही, त्यामुळे ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. ५० ला १ म्हटलं तर लिटरला २० मिली. पंपावर तो ऑइलचा हात-पंप आणि मापं ज्यांनी बघितली असतील त्यांना आठवेल. हे ऑइल पेट्रोलबरोबर जळणार, अर्धवट जळणार आणि प्लगवर, पिस्टनच्या डोक्यावर, सायलेन्सरच्या नळीत काजळी धरणार. 'प्लगला कचरा आलाय' हे वाक्य त्यामुळे पुणेरी मराठीत इतकं रुळलं की माणसांबद्दलही वापरता यायचं.

प्लग हा त्या इंजिनाचा लॉग होता. काढून बघायचा. काळा आणि ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त होतंय. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय, सांभाळा. विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक, परत लावा आणि ऑफिसला जा. कुठलंही स्कॅनर नाही, पासवर्ड नाही. पान लावायला जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळात निदान. थंडीत स्कूटर एका बाजूला तिरकी करायची आणि मग किक मारायची ही सबंध देशाला माहीत असलेली कवायतही त्यातलीच, कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल नीट पोचावं म्हणून. सायलेन्सर चोक झाला तर तो उतरवून आगीत जाळायचा किंवा कॉस्टिक सोड्याने धुवायचा. घाटात ऑइल कमी पडून इंजिन जाम झालं, तर मात्र मालकाचं काम संपलं. सिलिंडर बोअर करणं, पिस्टन आणि रिंगा बदलणं हे मेकॅनिकचं काम.

हा मेकॅनिक म्हणजे ह्या इतिहासातला दुसरा मोठा माणूस. चौकाचौकांत, झाडाखाली, टपरीत, वाड्याच्या पुढच्या खोलीत. बहुतेक जण कुठल्या कॉलेजात शिकलेले नाहीत. आधी कुणाच्या तरी हाताखाली पोऱ्या म्हणून पाने उचलून देणं, मग चाक, मग क्लच प्लेट आणि कित्येक वर्षांनी इंजिनाला हात. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आवाजावरून, "काका, पॉइंट गेलाय" सांगणारे. त्यांच्या मागे सुट्या भागांचा सगळा बाजार उभा होता: नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं, आणि जी वस्तू तिथे मिळणार नाही तिच्यासाठी बुधवारी-रविवारी भरणारा मंगळवार पेठेतला जुना बाजार. कंपनीचा माल, त्याच्यासारखा दिसणारा माल आणि दुसऱ्याच्या गाडीतून निघालेला माल, असे तीन भाव. शहरात गाडी तयार व्हायची आकुर्डीला आणि जिवंत राहायची नाना पेठेत, असं म्हटलं तरी चालेल.

इथपर्यंत वाचून कुणाला 'काय ते दिवस' असं वाटत असेल तर थांबा. ह्या सगळ्यात एक मोठी गफलत आहे. आपली गाडी आपण उघडायचो, यातले 'आपण' म्हणजे पुरुष. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनियरिंगने १९७२ मध्ये ५० सीसीची 'लूना' आणली (कारखाना अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला), आणि सायकलींच्या ह्या शहरातल्या बायका-मुली पॅडल मारता मारता इंजिनावर आल्या. नंतर १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, क्लच नाही, बटण दाबलं की चालू आणि ऑइलसाठी वेगळी टाकी. तिरकी करणं नाही, किक नाही, साडी सांभाळत प्लग बघणं नाही. शाळेत शिकवणाऱ्या, बँकेत काम करणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या बायकांना गाडी उघडावी न लागणं हीच मोकळीक होती. पुरुष मंडळी ज्याला 'डबडं', 'बायकांची गाडी' म्हणून हसत होती तिच्यात त्यांच्या स्कूटरपेक्षा पुढचं तंत्र होतं हा भाग वेगळा. याच गाड्यांवर पुण्याचा खास रायडिंग गिअरही तयार झाला: डोळे सोडून सगळं तोंड बांधणारा स्कार्फ, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि सनकोट. बाहेरगावच्या माणसाला पहिल्यांदा दचकायला होतं, पण धूळ, ऊन आणि ओळखीच्या काकू या तिन्हींपासून त्याने संरक्षण मिळतं. :)

ऐंशीच्या दशकात मोटरसायकलींची जपानी लाट आली, आणि तिच्यात दोन वेगळे रस्ते होते. १९८५ मध्ये एकाच वर्षी दोन गाड्या आल्या. एक यामाहाची आरएक्स-१००. टू-स्ट्रोक, हलकी, कान पिळला की उडणारी. दुसरी हीरो होंडाची सीडी-१००. फोर-स्ट्रोक, सभ्य, लिटरला ८० किमीचा दावा. तिची जाहिरात तर अशी होती की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. माझ्या मते भारतातल्या दुचाकीच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. तोपर्यंत गाडी ही विसरण्याची वस्तूच नव्हती. रोज तिची मर्जी राखायची. आता एक कंपनी सांगत होती की मर्जी राखायची गरज नाही, आणि ते खरं निघालं. मालकाच्या हातातला पाना तिथून सुटायला लागला.

त्याला धक्का दिला धुराने. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रणच करतं. त्या धक्काबुक्कीत १५ ते ४० टक्के मिश्रण न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. म्हणजे तो निळा धूर आणि 'मस्त वास' हे आपल्या पेट्रोलचे पैसे होते, आणि सिग्नलला मागे उभ्या असलेल्या माणसाची फुफ्फुसं. पेट्रोल गाड्यांच्या धुराला देशात मर्यादा आली १९९१ मध्ये, ती १९९६ आणि २००० मध्ये आणखी कडक झाली. ह्या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी प्रमुख म्हणजे आपली एआरएआय, १९६६ पासूनची. वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे निम्मे लोक टेकडीला तिच्याच नावाने ओळखतात. आरएक्स-१०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. म्हैसूरची आयडियल जावा, जिथे आधी जावा आणि १९७३ पासून येझदी बनायची, तीही १९९६ मध्येच बंद पडली; तिथे धुराखेरीज इतरही दुखणी होती.

ह्या दोन गाड्यांचं पुढे जे झालं ते मजेशीर आहे. कंपनी गेली, शोरूम गेलं, पण गाड्या गेल्या नाहीत. पुण्यात आजही जावा-येझदीवाल्यांचा मोठा गोतावळा आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी आंतरराष्ट्रीय जावा दिवस असतो तेव्हा ते सगळे धूर काढत रस्त्यावर उतरतात. ज्यांनी ही गाडी कधी बघितली नाही त्यांच्यासाठी: जावाची किक आणि गिअरचा दांडा एकच. किक मारायची, तोच दांडा पुढे फिरवायचा, की झाला गिअर लिव्हर. असल्या गाडीचा सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर बनवून घ्यायचा, तेही जमलं नाही तर कोल्हापुरातल्या, हैदराबादेतल्या कुणाला तरी फोन लावायचा. जे ज्ञान आधीच्या पिढीला नाइलाजाने मिळालं, ते ही मंडळी हौसेने, पदरचे पैसे घालून शिकतात. कंपनीशिवाय गाडी पंचवीस-तीस वर्षं चालू ठेवता येते याचा हा चालताबोलता पुरावा.

मधल्या काळात चाकणला बजाजचा नवा कारखाना उभा राहिला (१९९९) आणि नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आली, १५० आणि १८० सीसीची. हिंजवडीला आयटी पार्क भरत होतं, बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांना हातात पगार आणि बँकेचं कर्ज मिळत होतं. रांग संपली होती. २००३ च्या डीटीएस-आय इंजिनात एकाऐवजी दोन स्पार्क प्लग आले, पण ते स्वतः काढून बघणारे मालक कितीसे? ह्या गाड्यांच्या देखभालीत मालकाकडे उरलं ते चेनला वंगण, टायरची हवा आणि वेळेवर इंजिन ऑइल. टॅपेटचा आवाज येतोय, कार्बोरेटर ट्यून करायचाय, हे सगळं कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने शिकून घेतलं. फीलर गेज घेऊन वाल्वचा गॅप लावायला त्याला कुणी प्रशिक्षण दिलं नाही. चार गाड्या उघडल्या, दोन बिघडवल्या, पाचवी जमली. उघडता येत होती म्हणून जमलं. म्हणजे मालकाने पाना खाली ठेवला, पण तो पडला मेकॅनिकच्याच हातात. ही तडजोड छान होती.

पल्सर आणि बुलेटच्या ह्याच पिढीने शनिवार-रविवारच्या राइड सुरू केल्या. ताम्हिणी, महाबळेश्वर, नारायणगावची मिसळ, आणि सुट्टी जास्त असेल तर गोवा किंवा थेट लडाख. त्याआधी लांब जायचं म्हणजे स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र, वरून रेनकोट, निघाले. आता गुडघ्याला, कोपराला, पाठीला संरक्षक पॅड असलेली जॅकेटं आली. सुरुवातीला ती परदेशातून येणाऱ्या कुणाला तरी सांगून आणायची, मग पुण्यातल्या क्रॅमस्टर, मुंबईच्या रायनॉक्स अशा कंपन्या इथेच बनवू लागल्या. राइडला हेल्मेटशिवाय आलेल्या माणसाला ग्रुपमधून परत पाठवायची पद्धत पडली. कायद्याने नव्हे, आपापसात.

आणि हे त्याच शहरात, बरं का, जिथे हेल्मेट म्हणजे राजकारण आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचं कलम १२९ स्पष्ट सांगतं की दुचाकीवर हेल्मेट हवं. पण पुण्यात सक्तीचा प्रत्येक प्रयत्न काही महिन्यांत विरघळलाय. फेब्रुवारी २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी सक्ती जाहीर केली, जुलैत 'हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही' असं सांगितलं, आणि ते मागे घ्यावं लागलं. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी जोरात कारवाई सुरू केली तेव्हा डोक्यावर पुणेरी पगडी घालून दुचाकींचा मोर्चा निघाला. त्याच वर्षी जूनमध्ये शहरातले आमदार मुख्यमंत्र्यांना भेटले आणि रस्त्यात अडवून होणारी कारवाई थंडावली. केस गळतात, मान दुखते, ठेवायचं कुठे, हे आक्षेप मी समजू शकतो. 'गावात वेगच कुठे असतो' हा मात्र नाही. दीड मीटर उंचीवरून निसटलेलं डोकं जमिनीवर आपटतं तेव्हा त्याचा वेग ताशी १९-२० किमी असतो, आणि हे गाडी उभी असताना! बारावीच्या फिजिक्सचं गणित आहे, करून बघा. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर त्या धक्क्यात स्वतः चेपला जातो आणि डोक्याला थांबायला जरा जास्त वेळ देतो, बस्स. एकदा चेपला की संपला, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला-विकायला देशात बंदी आहे. फुटपाथवरच्या टोपीछाप हेल्मेटांना बहुतेक ते कळलेलं नाही.

असो. परत पान्याकडे.

२९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत. पुढचे दोन दिवस देशभरातल्या शोरूमबाहेर हजारोंच्या सवलतीत स्कूटर-मोटरसायकली घ्यायला झुंबड उडाली होती, ते दृश्य अजून आठवत असेल. मग १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि कार्बोरेटर जवळजवळ इतिहासजमा झाला. आता पेट्रोल किती फवारायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. हवेचं तापमान, थ्रॉटल किती उघडलाय, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन किती उरलाय हे बघून, क्षणाक्षणाला. काही चुकलं की मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. हे सगळं उत्तम आहे. सकाळी गाडी पहिल्या बटणाला चालू होते, धूर कमी, मायलेज चांगलं, मोठ्या गाड्यांना एबीएस. मला कुणी चेतक देऊन रोज हिंजवडीला जायला सांगितलं तर मी नकार देईन.

पण तो पिवळा दिवा लागला की काय करायचं? आत फॉल्ट कोड तयार आहे. नेमकं काय बिघडलंय ते गाडीला माहीत आहे. प्लग वाचून अंदाज बांधायची गरजच नाही इतकी ती स्पष्ट सांगतेय. पण ते ऐकायला कंपनीचं यंत्र लागतं, आणि काही कामांना, उदाहरणार्थ नवा भाग बसवल्यावर तो कंट्रोल युनिटला 'ओळख' करून द्यायला, कंपनीचंच सॉफ्टवेअर. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे ते नाही. तो हात जोडून म्हणतो, "साहेब, शोरूमला न्या."

इथे दोन गोष्टींची गल्लत केली जाते, आणि माझ्या धंद्यातले लोक ती सगळ्यात जास्त करतात. गाडी गुंतागुंतीची झाली ही एक गोष्ट. गाडीला कुलूप लागलं ही दुसरी. पहिलीवर मेकॅनिकने याआधी मात केलेली आहे. पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, टू-स्ट्रोक जाऊन वाल्व आले, डिस्क ब्रेक आले, प्रत्येक वेळी तो शिकला. कुलपावर शिकून मात करता येत नाही. ते तिथे इंजिनियरिंगसाठी नाही, कुणीतरी ठरवलं म्हणून आहे. 'सुरक्षेसाठी' हे उत्तर मिळतं, आणि ब्रेक-एबीएसच्या बाबतीत ते थोडंफार पटतंही. पण ऑक्सिजन सेन्सर खराब झालाय एवढं वाचायला कसली सुरक्षा? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने मोटारींची दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजलाही देण्याचा कायदा २०१२ मध्ये केला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही विभाग आहे. चांगली सुरुवात आहे, पण पोर्टल म्हणजे माहितीची पाटी. त्याने कंपनी बांधली जात नाही.

दरम्यान जुनी नावं सगळी परत आलीत. वेस्पा २०१२ पासून आपल्याच जिल्ह्यात, बारामतीला बनते. जावा २०१८ मध्ये आली, येझदी २०२२ मध्ये. चेतक जानेवारी २०२० मध्ये इलेक्ट्रिक होऊन आली आणि जून २०२२ मध्ये तिचा कारखाना आकुर्डीला, जुन्या चेतकच्याच जागी सुरू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूनाही इलेक्ट्रिक झाली. विजेच्या गाडीत तर टू-स्ट्रोकपेक्षाही कमी भाग हलतात. प्लग नाही, काजळी नाही, साधेपणाचा कळस. हिशोबाने ती सगळ्यात सहज उघडता येणारी गाडी व्हायला हवी होती. पण तिचा जीव आहे बॅटरी, मोटरचा कंट्रोलर आणि त्यातलं सॉफ्टवेअर यांत, आणि ते रात्रीतून हवेतून बदलताही येतं.

काही मेकॅनिकांनी अनेक कंपन्यांच्या गाड्या वाचणारे स्कॅनर घेतलेत. स्वस्त नसतात, दरवर्षी अपडेटचे पैसे वेगळे, आणि नवीन मॉडेल आलं की काही महिने ते मुकेच असतात. तरी घेतलेत, कारण गिऱ्हाईक दारातून परत जाताना बघवत नाही. तुमच्या गाडीची वॉरंटी संपली असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला अशा एखाद्या गॅरेजात जाऊन बघा. आणि नवी घेणार असाल तर शोरूममध्ये मायलेज विचारून झाल्यावर एवढंच विचारा की पिवळा दिवा लागला तर त्यातला कोड बाहेरच्या माणसाला वाचता येईल का. सेल्समन आत जाऊन मॅनेजरला विचारून येईल. येऊ दे, आपल्याला घाई नाही.